तीन जावांचं रुखवत

“यातली भारदस्त कुठली दिसते?” अण्णांनी विचारलं.

तीन संगणक टेबलावर ओळीनं मांडलेले होते आणि अण्णा हात मागं बांधून त्यांच्यासमोर उभे होते. बैलबाजारात उभे राहावेत तसे. फक्त दात बघायचे राहिले होते.

“दिसण्यावर नाही ठरवायचं, अण्णा,” सारिका म्हणाली. “आतून तिन्ही एकच आहेत. सोबत काय काय येतं, ते वेगळं.”

“आतून एकच, तर मग तीन कशाला?”

हा प्रश्न मीही पुण्याच्या निनादला विचारला होता. निनाद माझ्या मैत्रिणीचा मुलगा. आमच्या जुन्या संगणकात व्हायरस शिरला आणि त्यानं रेडिओची निम्मी भजनं खाल्ली, तेव्हा तो सुट्टी काढून आला. त्यानं कुठून तरी तीन जुनी यंत्रं मिळवली आणि तिन्हींवर संगणक चालवणारी, लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था घातली. पण तिन्हींवर तिचे वेगवेगळे प्रकार. “वापरून बघा, तुलना करा आणि एक ठरवा,” म्हणाला आणि निघून गेला. शिकलेली माणसं असंच करतात. एक प्रश्न सोडवायला येतात आणि तीन ठेवून जातात.

सारिकानं हे गावाला समजेल असं सांगितलं. तिन्ही एकाच घरात पडलेल्या जावा आहेत, म्हणाली. आडनाव एक, चूल एक, फक्त प्रत्येकीनं माहेरून आणलेलं रुखवत वेगळं. थोरलीनं सगळं भारी भारी आणलंय, त्यामुळं तिला उठायलाच वेळ लागतो. मधली नटवी. धाकटीनं फारसं काही आणलं नाही, पण कामाला चटपटीत. त्या दिवसापासून दूध घालायला येणारी माणसंसुद्धा जिना चढून “जावा बघायला” येऊ लागली.

दूध घालायला अशासाठी, की आमचा ‘माळरान रेडिओ’ अण्णांच्या दूध संकलन केंद्राच्या माडीवर होता. अण्णा म्हणजे भगवानराव देठे. हिंगणमाळची पाणी योजना त्यांच्या ताब्यात, दूध केंद्र त्यांचं, रेडिओची खोली त्यांची, वीज त्यांची आणि सारिका त्यांची सून. मी शाळेतून निवृत्त झालेली बाबरबाई. मला रेडिओची प्रमुख म्हणत. आमचा आवाज पंचक्रोशीत पोचायचा. वारा बरोबर असेल तर तालुक्यालाही पोचतो, असं अण्णा सांगायचे, आणि वाऱ्याचा याच्याशी काही संबंध नाही हे त्यांना सांगायची हिंमत वर्षभरात कुणाला झाली नव्हती. हे बरंच जुनं झालं. आता ती माडी आहे, पण रेडिओ दुसरीकडं गेलाय. असो.

“बरं, सांग रुखवत,” अण्णा खुर्चीत बसले.

सारिकानं सांगायला घेतलं. लिहिण्याचं सॉफ्टवेअर थोरलीवर मोठं आहे, त्यात पुस्तकसुद्धा होईल. धाकटीवर साधं, पत्र लिहिण्यापुरतं. फोटो बघायचं तिन्हीकडं आहे, पण मधलीवर फोटो आपोआप सरळ होतात.

“म्हणजे?”

“मोबाईल आडवा धरून काढलेला असला तरी माणूस उभा दिसतो.”

“हे चांगलंय,” अण्णा म्हणाले. त्यांचे बरेच फोटो आडवे निघत.

“आवाज वाजवायचं मात्र तिन्हीकडं वेगळं आहे, आणि ते आपल्याला महत्त्वाचं. थोरलीवर काय होतं, की…”

“ते राहू दे. पत्ते कुठल्यात आहेत?”

“मधलीत आणि धाकटीत.”

“थोरलीत नाहीत?”

“नाहीत.”

“मग ती कशाची थोरली,” असं म्हणून अण्णांनी तुलना संपवली आणि ज्यासाठी सकाळीच आले होते त्या कामाला हात घातला. “बाई, ते म्हातारीचं लावा.”

त्या दिवशी रेडिओचा पहिला वाढदिवस होता. दुपारी पाणीपुरवठ्याच्या अभियंता सुभेदार मॅडम येणार होत्या. त्यांच्यासमोर थेट प्रसारण, त्यात गावकऱ्यांची मुलाखत वाजवायची आणि मग पाणी योजनेवर चर्चा. चर्चा संपली की मॅडम योजना पूर्ण झाल्याची सही करणार. ती सही झाली, की हिंगणमाळच्या प्रत्येक वस्तीला पाणी मिळतं असं कायमचं ठरणार होतं. शेवटच्या खडकवस्तीसाठी मंजूर असलेली दुसरी पाईपलाईन मग कुणाला लागणार? पाणी मिळणाऱ्यांना कुणी पुन्हा पाणी देत नाही.

म्हातारी म्हणजे खडकवस्तीची हौसाबाई. सारिकानं तिथं जाऊन तिचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं होतं. आम्ही ते लावलं. हौसाबाई आधी खोकली, मग नाव सांगितलं, मग पूर्वीच्या विहिरीचं, आड कसा खोल होता त्याचं, योजना झाली तेव्हा पेढे वाटले त्याचं. अण्णा मान डोलवत होते. मग हौसाबाई म्हणाली, “पर खरं सांगू का,” आणि तिनं ते सांगितलं. अण्णांची मान थांबली.

“हे कापा.”

“अण्णा, त्या म्हणाल्यात की हे लावाच म्हणून,” सारिका म्हणाली.

“लावा की. मी कुठं नको म्हणतोय? खोकल्यापासून पेढ्यापर्यंत लावा.” मग आठवून म्हणाले, “खोकला पण कापा. मॅडम येणारायत.”

सारिकानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली गवळी कॅन धूत होते; तसं बघण्यासारखं काही नव्हतं. पण खोली ज्याची, वीज ज्याची, त्याच्यासमोर माझ्या मानेला खिडकीकडं वळायची सवयच लागली होती.

“काप,” मी म्हणाले.

तिनं कापलं. माझ्यासमोरच कापलं, अण्णांना ऐकवलं आणि अण्णा समाधानानं शाल-नारळ आणायला गेले. ते गेल्यावर तिनं धाकटीची वायर उचलली आणि मिक्सरला जोडली.

“आज धाकटीवर लावू का, बाई? थेट प्रसारणात ती कशी चालते ते बघायचं राहिलंय.”

मी हार मोजत होते. “लाव कुठल्याही,” म्हणाले.

आता आमचा स्टुडिओ कसा होता ते सांगायला हवं. एकच खोली, मध्ये काच. काचेच्या अलीकडं गोल टेबल, त्यावर माइक. इथं पाहुणे आणि मी. पलीकडं संगणक आणि आवाजाचा मिक्सर, तिथं सारिका. मुलाखत वाजत असताना माइक बंद असत आणि आम्ही ती वरच्या स्पीकरवर ऐकत असू.

सुभेदार मॅडम वेळेवर आल्या. बारीक, चष्मेवाल्या, फार न बोलणाऱ्या. शाल त्यांनी घडी घालून बाजूला ठेवली, नारळ पायाशी ठेवला आणि पेन टेबलावर. अण्णा त्या पेनाकडं सारखे बघत होते.

मी नमस्कार-चमत्कार केले, पाहुण्यांची ओळख करून दिली आणि म्हणाले, “आता ऐकू या खडकवस्तीच्या हौसाबाईंचे अनुभव.” सारिकानं माइक बंद केले. हौसाबाई सुरू झाली. विहीर झाली, आड झाला, पेढे झाले. “पानी आलं, बरं झालं,” असं हौसाबाई म्हणाली आणि संपली. छान, गोळीबंद. अण्णांनी मॅडमकडं पाहून हात जोडले, जणू ते स्वतःच हौसाबाई होते.

मी माइक उघडण्याची वाट पाहत काचेकडं पाहिलं. माइकचा लाल दिवा लागला नाही.

स्पीकरवर कुणी तरी खोकलं.

“म्या हौसाबाई,” स्पीकर म्हणाला. “ऱ्हानार खडकवस्ती.”

“परत लागलं वाटतं,” मॅडम म्हणाल्या.

“असू दे, असू दे,” अण्णा हसले. “चांगलं बोलती. लोकांना दोनदा ऐकू दे.”

मला घाम फुटला तो त्या खोकल्यानं. कापलेल्या मुलाखतीत खोकला नव्हता. हे परत लागलेलं नव्हतं. हे दुसरंच लागलं होतं, अख्खं, जसंच्या तसं. अण्णांच्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण अजून विहीर चालू होती. विहिरीनंतर आड, आडानंतर पेढे, आणि पेढ्यांनंतर ते.

मी काचेतून सारिकाला बोटानं गळा कापायची खूण केली. रेडिओत याचा अर्थ ‘थांबव’ असा होतो. तिनं दोन्ही हात वर करून दाखवले. रेडिओत याचा अर्थ काही होत नाही.

“जरा बघून येते,” मी म्हणाले आणि उठले.

“बसा हो बाई,” अण्णा म्हणाले. “किती छान आठवणी आहेत.”

स्पीकरवर हौसाबाई आडात उतरली होती. मी काचेचं दार ढकलून आत गेले.

“काय झालं?”

“बाई, थांबतच नाहीये.” सारिका मोठ्यानं बोलत होती, दार उघडं होतं. “धाकटीचं असंच आहे. एक फाईल संपली की त्याच फोल्डरातली पुढची आपोआप घेते. आणि पडद्यावरची खिडकी मिटली तरी आतल्या आत वाजतच राहते. मी मिटली, तरी बघा.”

मी पडद्याकडं पाहिलं.

खिडकी मिटलेली नव्हती. चांगली पडदाभर उघडी होती. तिच्या खालच्या अंगाला थांबवायचं चौकोनी बटण होतं, रुपयाएवढं. सारिकाचा हात माऊसवर होता आणि माऊस त्या बटणापासून शक्य तितका लांब, वरच्या कोपऱ्यात, अगदी गप्प बसला होता.

मग मी मिक्सरकडं पाहिलं. संगणक काहीही वाजवो, मिक्सरवरची त्याची पट्टी बोटानं खाली ओढली की आवाज बंद होतो. हे मला माहीत होतं, सारिकाला माहीत होतं. अण्णांना माहीत नव्हतं. अण्णांच्या लेखी रेडिओ म्हणजे संगणक. वर्षापूर्वी उद्घाटनाला त्यांनी नारळ संगणकासमोर फोडला होता, फुलं संगणकाला वाहिली होती. पट्ट्यांच्या त्या पेटीला कुणी हळदकुंकूसुद्धा लावलं नव्हतं, म्हणून ती त्यांच्या हिशेबात नव्हतीच.

सारिकाचा डावा हात त्या पट्टीवर होता. नुसता टेकवलेला नव्हता, तळव्यानं झाकलेला होता. कोंबडी अंडं झाकते तसा.

“आनि मंग योजना झाली,” हौसाबाई म्हणाली. “तवा पेढं वाटलं अण्णांनी.”

पलीकडं अण्णांनी पुन्हा हात जोडले.

सारिकानं माझ्याकडं पाहिलं नाही. सकाळी मी खिडकीबाहेर पाहिलं होतं, तशी आता ती पडद्याकडं पाहत होती. तिचा तळवा हलवायला मला एक बोट पुरलं असतं. नवरा पुण्याला कंपनीत, घरात सासरा, सासू आणि दोन दीर. या प्रसारणानंतर तिला चालत त्याच घरात जायचं होतं.

मी दाराकडं पाठ करून, पलीकडून पडदा दिसणार नाही अशी उभी राहिले.

“थोरलीवर हे कसं बंद होतं गं?” मी मोठ्यानं विचारलं.

सारिकाच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. “थोरलीवर खिडकी मिटली की बंद, बाई.”

“मग थोरली बरी म्हणायची.”

“बरी आहे. पण उघडायलाच एवढा वेळ लावते, की श्रोते झोपतात.”

“पर खरं सांगू का,” स्पीकर म्हणाला.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आनि मधलीवर?” मी विचारलं. घाईत माझीही भाषा हौसाबाईच्या वळणावर गेली होती.

“मधलीवर आधी विचारतं. खरंच बंद करायचं का म्हणून.”

“ते चांगलं. माणसाला विचार करायला सवड मिळते.”

“पानी येतंय,” हौसाबाई सांगत होती, “पर कवा येतंय? अण्णांच्या डाळिंबाचं पोट भरलं की. वाटंत व्हॉल्व हाय, त्याची चावी अण्णांच्या जीपमदी. टाकी भरायच्या आत चावी फिरती. आमी नळाला तोंड लावून बसतो, तर नळ नुसता फुसफुस करतुया. बिलं मातूर टायमात येत्यात.”

“बंद करा ते,” अण्णा दारात उभे होते. आवाज चढलेला नव्हता. अण्णांचा आवाज उतरला की जास्त भीती वाटायची.

“करतोय, अण्णा. हिची रीत वेगळी आहे,” मी म्हणाले.

“काय चाललंय काय तुमचं?”

“तुलना.”

“वायर उपटा.”

“कुठली, अण्णा?” सारिकानं विचारलं. टेबलाखाली वायरींचा अख्खा झिपऱ्यांचा बुचका होता. “चुकीची ओढली तर वरचा ट्रान्समीटर जाईल. तो गेला तर रेडिओच गेला.”

अण्णा वाकले. खरोखरच वाकले. फेटा एका हातानं सावरत त्यांनी दुसरा हात बुचक्यात घातला आणि मला वाटलं, संपलं. तेवढ्यात काचेपलीकडून सुभेदार मॅडमचा आवाज आला.

“देठेसाहेब, इकडं या. बसा. मला ऐकायचंय.”

अण्णा सरळ झाले. त्या बाईंचं पेन टेबलावर होतं आणि त्यांची सही अजून त्या पेनातच होती. ते जाऊन बसले.

“ही रेकॉर्डिंग करनारी पोरगी बी त्यांच्याच घरची हाय,” हौसाबाई शेवटाला आली होती. “तिला म्हनलं, बाई, हे कापू नगंस. ती म्हनली, बगते. आता बगूया, काय बगती ते.”

फाईल संपली. पुढं धाकटीनं आपल्या रीतीनं तिच्यानंतरचं भजन लावलं, आणि सारिकानं पट्टी सावकाश खाली ओढली.

खरं म्हणजे गोष्ट इथं संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलं होतं. पण अण्णा काही उगाच गावाचे अण्णा झाले नव्हते.

“मॅडम, माफी असावी,” ते हसत म्हणाले. घामानं कपाळ चमकत होतं, पण हसू जागच्या जागी होतं. “हे फार जुनं रेकॉर्डिंग. योजना झाली तेव्हाचं, सुरुवातीच्या अडचणींचं. आता सगळं सुरळीत आहे. हे पुण्याच्या पोरानं आणलेलं मशीन बिघडलं आणि नको ते वाजलं. तुम्ही स्वतः बघितलंत, बंदच होत नव्हतं.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. “मशीन बंद होत नव्हतं?”

“नव्हतं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आत्ताच तर मोठ्यानं तसं सांगून बसले होते. आम्ही दोघींनी इतक्या मन लावून रचलेली सबब अण्णांनी उचलून खिशात घातली होती.

“असं असेल तर ते लोकांना सांगा,” मॅडम म्हणाल्या. “आत्ता, रेडिओवरच. की रेकॉर्डिंग जुनं आहे आणि चुकून लागलं. मग मला पुढं जाता येईल.”

“सांगतो ना. बाई सांगतील.”

“मी सांगते,” मी म्हणाले. अण्णा माझ्याकडं क्षणभर बघत राहिले. मी फार पटकन हो म्हणाले, हे बहुतेक त्यांना आवडलं नाही.

“नको. जिनं लावलं तिलाच सांगू दे. सूनबाई, इकडं ये.”

सारिका काचेच्या अलीकडं आली. वर्षभरात ती माइकसमोर बसली नव्हती. देठ्यांच्या सुना कामाला जात, पण त्यांचा आवाज बाहेर जात नसे. मुलाखत घेताना तिनं विचारलेले प्रश्नसुद्धा आम्ही काढून टाकत असू. ऐकणाऱ्याला वाटे, लोक आपल्या आपण बोलतात.

“सांग,” अण्णा तिला शिकवत होते, लहान पोराला भाषण पाठ करून घ्यावं तसं. “मशीनच्या चुकीमुळं जुनं रेकॉर्डिंग लागलं. खडकवस्तीला पाणी वेळेवर आहे. दिलगीर आहोत. एवढंच.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मी काचेमागं जाऊन मिक्सरपाशी बसले. माझ्या खुर्चीत ती होती, तिच्या खुर्चीत मी. मी माइक उघडला. लाल दिवा लागला. तिनं घसा साफ केला आणि तो आवाजही बाहेर गेला.

“नमस्कार,” ती म्हणाली. “आत्ता तुम्ही हौसाबाईंना दोनदा ऐकलंत. दुसऱ्यांदा ऐकलंत ते पूर्ण होतं. रेकॉर्डिंग जुनं नाही, याच आठवड्यातलं आहे.”

अण्णांचा चेहरा मला काचेतून दिसत होता. ते काही हलले नाहीत.

“मशीनची चूक नाही. या मशीनची रीतच अशी आहे, की एक फाईल संपली की शेजारची लागते. शेजारी काय ठेवायचं ते माणूस ठरवतो. ते मी ठेवलं. मशीन बंदही होत होतं. मी केलं नाही.” ती थांबली. मला वाटलं झालं, म्हणून मी हात पट्टीकडं नेला. पण तिनं श्वास घेतला होता. मी हात मागं घेतला. “मी सारिका देठे. भगवानराव देठ्यांची सून.”

मग तिनं माइकपासून खुर्ची मागं सरकवली. मी भजन लावलं. खरं तर धाकटीनंच लावलं, मी पट्टी वर केली.

सुभेदार मॅडमनी पेन उचललं. अण्णांनी पाहिलं. मॅडमनी त्याला टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकलं.

“व्हॉल्वची चावी कुठं आहे म्हणालात?”

“मी कुठं म्हणालो?” अण्णा म्हणाले.

“जीपमध्ये,” सारिका म्हणाली. “मागच्या सीटखाली.”

“चला मग,” मॅडम उठल्या. “मला व्हॉल्व बघायचाय आणि डाळिंबही. दोन्ही वाटेवरच असतील ना?”

अण्णा सुनेकडं बघत होते. मला वाटलं, आता हात उचलतात. किंवा निदान काहीतरी असं बोलतात, की जे तिला आयुष्यभर पुरेल. पण जिन्याकडं जाताना वळून ते एवढंच म्हणाले, “नारळ राहिला मॅडमचा. दे आणून.”

सारिकानं नारळ दिला. जीप गेली. आम्ही दोघी उरलेला कार्यक्रम उरकत बसलो. काय वाजवलं ते मला आठवत नाही. दिवस कलला तशी ती वरचेवर घड्याळाकडं बघू लागली.

“माझ्याकडं चल आज,” मी म्हणाले.

“आज तुमच्याकडं आले तर उद्या कुणाकडं जाऊ, बाई?”

ऊन उतरता उतरता खाली जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर वर आला नाही. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते आणि समोर बघत होते. गुडघ्यापर्यंत धोतर चिखलानं माखलेलं होतं. सारिका जिना उतरली, मागचं दार उघडून बसली. माझ्याकडं तिनं वळून पाहिलं नाही, आणि ती रात्र मी कशी काढली हे सांगण्यात काही अर्थ नाही.

सकाळी ती आली. नेहमीच्या वेळेला, डबा घेऊन. मी आधी तिचा चेहरा पाहिला, मग हात पाहिले. तिनं ते ओळखलं.

“काही नाही झालं, बाई.”

“काय म्हणाले?”

“वाटेत काही नाही. घरी काही नाही. सासूबाई रडल्या, दीर ओरडले, त्यांना गप्प बसा म्हणाले. मग जेवताना म्हणाले…” ती थांबली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिलाही ठरवता येत नव्हतं. “म्हणाले, सासऱ्याचं नाव गावभर घेतलंस ते घेतलंस, रेडिओवर नुसतं भगवानराव म्हणालीस. श्रीयुत लावायला काय झालं होतं?”

“मग तू काय म्हणालीस?”

“पुढच्या वेळी लावते म्हणाले.”

“आणि ते?”

“पुढची वेळ येऊ देऊ नकोस म्हणाले. आणि भात मागितला.”

मी खुर्चीत बसले. तेवढ्यात निनादचा पुण्याहून फोन आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. कुठला प्रकार ठरला, असं विचारत होता.

“धाकटी,” मी म्हणाले.

“ती? तिच्यावर तर सोबत काहीच येत नाही. थोरलीवर बघा, केवढी सॉफ्टवेअर…”

“बाळा, आम्हाला एवढंच पुरतं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

जिन्यावर कुणाचा तरी धापा टाकण्याचा आवाज येत होता. एक एक पायरी, मग थांबणं, मग खोकला. दारात हौसाबाई उभी राहिली. खडकवस्तीपासून चालत आली होती. हातात पदराखाली काहीतरी धरलेलं. ती आत आली, तिन्ही संगणकांवरून तिनं एकदा नजर फिरवली आणि पदराखालचं ते टेबलावर आपटलं.

ती शेणी होती, चुलीत घालायची गोवरी. ओली, फुगलेली, मधोमध फुटलेली.

“कुनी सोडलं पानी?” हौसाबाई म्हणाली. “काल सांजच्याला नळाचं तोंडच उडालं. अंगनात तळं झालंय. पावसाळ्याची बेगमी केलती, समद्या शेणी भिजल्या. पानी सोडायच्या आदी मानूस सांगावा धाडतं का न्हाई? कुनाची रीत ही?”

शेणीतलं पाणी टेबलावरून धाकटीच्या दिशेनं निघालं होतं. सारिकानं धाकटी उचलून बाजूला घेतली, हौसाबाईसमोर खुर्ची सरकवली आणि माइक तिच्या तोंडाशी नेला.

“हे सगळं परत सांगा, हौसाबाई. पहिल्यापासून.”

“अण्णांबद्दल पन सांगू?”

सारिकानं माझ्याकडं पाहिलं. या वेळी मी खिडकीकडं वळले नाही.

“सांगा,” सारिका म्हणाली. “फक्त त्यांना श्रीयुत म्हणा.”